चावडीवरचा रेडिओ आणि त्यानंतर

सन १९५६ च्या फेब्रुवारी महिन्यात त्या वेळच्या मुंबई राज्यातील पाच जिल्ह्यांत एक प्रयोग सुरू झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर हे ते जिल्हे. त्यांतली दीडशे गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावात वीसेक मंडळींचे एक श्रोतृमंडळ, त्याला एक अध्यक्ष, आणि लिहितावाचता येणारा एक कार्यवाह, अशी साधी मांडणी होती. आठवड्यातून दोनदा, रविवारी आणि गुरुवारी, ही मंडळी रेडिओभोवती जमत. पुणे केंद्रावरून अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्या गोष्टीवर आपसांत बोलायचे, एवढाच नियम. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले आणि एप्रिलमध्ये प्रयोग संपला.

आजच्या व्याख्यानाचा विषय माहिती पोचविणारी स्वस्त यंत्रे आणि गरीब देशांची उन्नती असा आहे. हे नाव ऐकून श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे संगणक आणि खिशातला फोन उभा राहिला असेल, आणि आम्ही मात्र त्यांना सत्तर वर्षांपूर्वीच्या रेडिओपाशी नेऊन बसवीत आहोत. याचे कारण असे की, या विषयातला जो खरा प्रश्न आहे तो त्या दहा आठवड्यांत जितक्या स्पष्टपणे विचारला गेला आणि ज्या नेटकेपणाने त्याचे उत्तर मोजले गेले, तसे पुढे फारसे घडले नाही. पुढच्या यंत्रांचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी त्या उत्तराच्या विस्मरणाचा इतिहास आहे, असे आमचे मत आहे. ते मान्य व्हावे असा आग्रह नाही. हकीकत मात्र ऐकून घ्यावी.

प्रथम रेडिओविषयी. तो त्या काळी गावाला स्वस्त नव्हता. अमेरिकेत ट्रान्झिस्टरवर चालणारा पहिला खिशातला रेडिओ १९५४ च्या अखेरीस बाजारात आला, त्याची किंमत पन्नास डॉलरच्या घरात होती. आपल्या खेड्यांत त्या वेळी होता तो नळ्यांचा जाड पेटारा. गावात वीज नाही, म्हणून त्याला बॅटरी. बॅटरी उतरली की तालुक्याचा रस्ता. शिवाय रेडिओ बाळगायला टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे. अशा स्थितीत तो स्वस्त कसा झाला? एकाच पेट्याभोवती वीस माणसे बसली म्हणून. पूर्वी गावात वर्तमानपत्राचा एकच अंक येई आणि वाचता येणारा एकजण तो पारावर मोठ्याने वाची, तेव्हाही हिशेब हाच होता. वस्तूची किंमत कमी करण्याचे दोन मार्ग आहेत. एक कारखान्यात सापडतो, दुसरा चावडीवर. गरीब देशांना दुसरा मार्ग फार पूर्वीपासून ठाऊक होता.

या प्रयोगाचे मूळ कॅनडात होते. तेथे १९४१ पासून शेतकऱ्यांची अशी रेडिओ मंडळे चालत होती आणि ऐका, चर्चा करा, कृती करा असा त्यांचा शिरस्ता होता. युनेस्कोने तो नमुना आकाशवाणीपुढे ठेवला. आकाशवाणीचे महासंचालक त्या वेळी जगदीशचंद्र माथुर होते. आय. सी. एस. अधिकारी, पण हिंदी रसिक त्यांना 'कोणार्क' या नाटकाचे लेखक म्हणून ओळखतात. नाटककाराच्या हाती रेडिओ आला की तो श्रोत्यांचा विचार करतो. हा आमचा समज खोटा असला तरी सोडवत नाही.

आणि या प्रयोगाचे मोजमाप करणारा माणूस तर अधिकच लक्षात राहण्यासारखा. पॉल नॉयराथ हे मूळचे व्हिएन्नाचे समाजशास्त्रज्ञ. नाझींनी ऑस्ट्रिया गिळला तेव्हा त्यांना डाखाऊ आणि बुखेनवाल्डच्या छळछावण्यांत डांबण्यात आले. तेथून सुटून ते पुढे अमेरिकेत गेले, न्यूयॉर्कमध्ये प्राध्यापक झाले, आणि १९५५ च्या सुमारास मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत पाहुणे अध्यापक म्हणून आले. त्यांचे वडील ओटो नॉयराथ यांनी १९२० नंतरच्या दशकात व्हिएन्नात कामगारांसाठी एक संग्रहालय उभारले होते. त्यात देशाची आकडेवारी चित्रांनी सांगितलेली असे: इतकी माणसे म्हणजे इतक्या आकृत्या, इतके धान्य म्हणजे इतकी पोती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या माणसालाही आपल्या शहराचा हिशेब कळला पाहिजे, ही त्यांची तळमळ. बापाने आकडे कामगारांच्या डोळ्यांपुढे मांडले आणि मुलाने शेतकऱ्यांच्या कानांवर पडलेल्याचे आकडे गोळा केले.

नॉयराथ यांनी आणि संस्थेच्या लोकांनी तीन तऱ्हेची गावे तपासली. श्रोतृमंडळ असलेली, रेडिओ असून मंडळ नसलेली, आणि रेडिओच नसलेली. प्रयोगाच्या आधी आणि नंतर तेथल्या लोकांना तेच प्रश्न विचारले. मंडळांच्या गावांत लोकांच्या माहितीत भरघोस भर पडलेली दिसली. पण खरी विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. नुसता रेडिओ असलेल्या गावांत पडलेली भर त्या मानाने अगदी किरकोळ होती. यंत्र तेच, कार्यक्रम तोच, भाषाही आपलीच. फरक एवढाच की एका गावात ऐकून झाल्यावर माणसे उठून गेली नाहीत.

त्या बसण्यातून काय निघाले तेही अहवालात आहे. कोठे विहीर खोदली गेली, कोठे जातिवंत वळू आणला गेला, कोठे सुधारलेल्या जातीच्या कोंबड्या आल्या, कोठे बालवाडी निघाली. नॉयराथ यांनी असे नोंदविले आहे की, ही मंडळे पाहता पाहता निर्णय घेणारी मंडळे बनली आणि काही कामांत ग्रामपंचायतींपेक्षाही त्यांचा उरक अधिक दिसला. आणखी एक सोय होती, आणि आमच्या मते सगळ्यांत मोलाची तीच. प्रत्येक बैठकीनंतर कार्यवाह काय चर्चा झाली ते लिहून पुण्याला धाडी, सोबत मंडळींचे प्रश्नही. आणि पुढच्या कार्यक्रमांतून त्यांना उत्तरे मिळत. रेडिओ हे एका बाजूने बोलणारे यंत्र. त्याला दुसरी बाजू दिली ती टपालाने. त्यासाठी कोणी शास्त्रज्ञ लागला नाही.

प्रयोग यशस्वी झाला आणि १९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. मंडळांची संख्या पुढे हजारांत गेली, आणि संख्या वाढत गेली तसतसा जीव ओसरत गेला. कारण समजायला अवघड नाही. कार्यक्रम आकाशवाणीचे, रेडिओ संच राज्य सरकारचे, आणि मंडळ चालविण्याचे काम विकास गटाच्या अधिकाऱ्यांचे, असे तीन धनी झाले. संच बिघडला तर तक्रार कोणाकडे करायची, आणि केली तर ती कोण मनावर घेणार? गावाच्या प्रश्नाला उत्तर येईनासे झाले की माणसे प्रश्न विचारण्याचे सोडतात. ती गावे काही अडाणी नव्हती, शहाणीच होती.

यानंतरचा मोठा प्रयोग आकाशातून आला. विक्रम साराभाई यांची कल्पना अशी होती की, शहरांतून हळूहळू खेड्यांकडे जाणाऱ्या दूरचित्रवाणीची वाट न पाहता उपग्रहाच्या द्वारे ती आधी दूरच्या खेड्यांतच न्यावी. १९६९ साली अमेरिकेच्या नासा संस्थेशी तसा करार झाला. साराभाई १९७१ च्या डिसेंबरात गेले. प्रयोग झाला तो १९७५ च्या ऑगस्टपासून १९७६ च्या जुलैअखेरपर्यंत. आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा आणि राजस्थान या सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत शाळेच्या किंवा पंचायतीच्या जागी संच ठेवले गेले. महाराष्ट्र त्यात नव्हता. सकाळी मुलांसाठी दीड तास आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी अडीच तास कार्यक्रम होत. त्यासाठी आपल्या अभियंत्यांनी जी दहा फुटी छत्री बनविली ती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची होती. उपग्रह जगातला अत्यंत प्रगत आणि त्याचे चित्र झेलणारी थाळी खुराड्याच्या जाळीची, हे दृश्य आम्हांला अजून आवडते. दुरुस्तीची व्यवस्थाही चोख होती आणि आडगावच्या रस्त्यांवरून जाऊन तंत्रज्ञ संच चालू ठेवीत.

पण उपग्रह उसना होता. वर्ष सरले आणि ठरल्याप्रमाणे तो परत गेला. बहुतेक गावांतले पडदे काळे झाले. अभियंत्यांच्या दृष्टीने हे मोठे यश होते, कारण पुढे आपल्या देशाने स्वतःचे उपग्रह सोडले त्याचा पाया येथे घातला गेला. गावाच्या दृष्टीने पाहिले तर एक वर्षभर कोणी तरी येऊन बोलून गेले. उलट टपालाची सोय येथे नव्हती असे नाही. संशोधक गावांत राहिले, त्यांनी पुष्कळ विचारपूस केली. परंतु आपण विचारणे आणि गावाने विचारणे यांत अंतर आहे.

एका बाजूने बोलणाऱ्या यंत्रांचा हा काळ संपत असता जगाचे लक्ष दोन बाजूंनी बोलणाऱ्या यंत्राकडे वळले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने सर डोनाल्ड मेटलंड यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग नेमला होता. त्याचा अहवाल १९८५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. त्यातले एक वाक्य तेव्हा सर्वत्र गाजले: एकट्या टोकियो शहरात जितके टेलिफोन आहेत तितके साऱ्या आफ्रिका खंडात नाहीत. हा आयोग काम करीत होता त्याच सुमारास, १९८४ च्या ऑगस्टमध्ये, आपल्याकडे सी-डॉट ही संस्था निघाली. तिच्यामागे सॅम पित्रोदा होते. ओरिसातल्या टिटलागढ या लहान गावी जन्मलेला हा माणूस अमेरिकेत जाऊन टेलिफोनच्या क्षेत्रात पैसा आणि नाव मिळवून परत आला होता.

त्यांनी व त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी एक साधी गोष्ट ओळखली. परदेशी टेलिफोन केंद्रे थंड केलेल्या खोल्यांत आणि मोठ्या शहरांसाठी चालण्याच्या दृष्टीने बांधलेली होती. आपल्या खेड्यात धूळ, उकाडा आणि हवी तेव्हा जाणारी वीज. म्हणून त्यांनी १२८ जोडण्यांचे, वातानुकूलनाशिवाय चालणारे लहान केंद्र तयार केले. त्यातले पहिले १९८६ साली कर्नाटकात कित्तूर येथे बसले. राणी चेन्नम्मेचे कित्तूर तेच. पण केंद्र बसले म्हणून गरिबाच्या घरी फोन आला नाही. तो येणारही नव्हता. आला तो कोपऱ्यावरच्या पिवळ्या पाटीच्या टपरीत.

एस. टी. डी.-पी. सी. ओ. हे नाव आता तरुण मंडळींना समजावून सांगावे लागते. टपरीत एक फोन, त्याला जोडलेले मोजणीचे यंत्र, आणि तो सांभाळणारा माणूस. त्याला दर बोलण्यामागे थोडी दलाली मिळे, आणि हे परवाने देताना अपंगांना प्राधान्य होते. रात्री उशिरा दर उतरत, म्हणून गर्दी रात्रीच. आम्हीही त्या रांगेत उभे राहिलो आहोत. पुढच्या माणसाचे घरगुती भांडण ऐकू येऊ नये म्हणून रस्त्याकडे पाहत राहायचे आणि मोजणीच्या तांबड्या आकड्यांवर मात्र लक्ष ठेवायचे, हा त्या रांगेचा रिवाज. टपरीवाला ज्याला नंबर फिरवता येत नाही त्याला फिरवून देई, आणि शेजारच्या वाडीतल्या माणसासाठी आलेला निरोपही ठेवी. १९५६ च्या मंडळात जो कार्यवाह होता तो येथे या रूपाने परत आला. आता त्याचे पोट त्या यंत्रावर होते. म्हणून यंत्र बंद राहत नसे.

बांगलादेशात हेच सूत्र आणखी पुढे गेले. इक्बाल कादिर हे न्यूयॉर्कमध्ये नोकरी करणारे बांगलादेशी गृहस्थ. १९७१ च्या युद्धात त्यांचे कुटुंब खेड्यात जाऊन राहिले होते, आणि लहानपणी एकदा औषध आणायला अर्धा दिवस चालत गेल्यावर औषध देणारा गावात नाही असे कळून ते तसेच परत आले होते. पुढे कचेरीत संगणकांची जोडणी तुटून सर्वांचे काम ठप्प झाले, तेव्हा त्यांना तो वाया गेलेला दिवस आठवला. फोन असता तर तो दिवस वाचला असता. महंमद युनूस यांच्या ग्रामीण बँकेला त्यांनी ही कल्पना पटविली आणि १९९७ च्या मार्चमध्ये तो उपक्रम सुरू झाला. बँकेच्या कर्जदार स्त्रियांनी कर्ज काढून मोबाइल फोन घ्यायचा आणि गावाला त्यावर बोलू देऊन पैसे घ्यायचे. आखाती देशांत मजुरीला गेलेल्या मुलाचा, नवऱ्याचा आवाज त्या अंगणात येऊ लागला. पैसे पोचले की नाही हे कळू लागले. पुढे घरोघर फोन झाले तसा त्या बायकांचा धंदा बसला. तो बसणे हे त्याचे अपयश नव्हे. पण कर्ज फेडणाऱ्या बाईला असे सांगून समाधान होत नाही, हेही खरे.

आता केरळच्या किनाऱ्यावर थोडे थांबू, कारण स्वस्त माहितीची किंमत येथे रुपयांत मोजली गेली आहे. कासरगोड, कण्णूर आणि कोळिकोड हे उत्तर केरळातील तीन जिल्हे. तेथले कोळी तारली धरून पहाटे आपल्याच गावच्या किनाऱ्यावर आणीत. आज कोणत्या किनाऱ्यावर किती मासळी उतरली हे समुद्रातल्या माणसाला कळण्याचा मार्ग नव्हता. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने अनेक वर्षे दर आठवड्याला तेथल्या भावांची नोंद ठेवली. त्यात १४ जानेवारी १९९७ या दिवसाची हकीकत आहे. वडकराच्या किनाऱ्यावर त्या दिवशी मासळी इतकी उतरली की भाव शून्यावर आला आणि अकरा कोळ्यांनी आपली मासळी टाकून दिली. त्याच वेळी पंधरा किलोमीटरांच्या आत दुसऱ्या किनाऱ्यांवर सत्तावीस गिऱ्हाइके मासळी न मिळाल्याने रिकाम्या हाती परतण्याच्या बेतात होती. एकीकडे अन्न फेकले जात होते, दुसरीकडे ते मिळत नव्हते; मध्ये फक्त एका निरोपाची उणीव.

त्या वर्षापासून २००० पर्यंत मोबाइलचे मनोरे टप्प्याटप्प्याने या किनाऱ्यावर उभे राहिले. त्यांची लहर समुद्रात काही अंतरापर्यंत पोचे. कोळ्यांनी आपल्या पैशांनी फोन घेतले; कोणत्याही सरकारी योजनेत त्यांचे नाव नव्हते आणि कोणी त्यांना शिकवायला गेले नव्हते. होडीतूनच ते किनाऱ्यांवर भाव विचारू लागले. जेथे मनोरा उभा राहिला तेथे किनाऱ्याकिनाऱ्यांतील भावांची तफावत जवळजवळ नाहीशी झाली. पूर्वी रोजच्या मासळीपैकी पाच ते आठ टक्के वाया जाई, ते थांबले. कोळ्यांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी सुमारे चार टक्क्यांनी स्वस्त मिळाली. दोघांचेही भले झाले असे व्यवहार अर्थशास्त्राच्या पुस्तकांत पुष्कळ असतात, किनाऱ्यावर क्वचित.

याला एक पुस्ती जोडली पाहिजे. हे कोळी आपली मासळी हव्या त्या किनाऱ्यावर नेण्यास मोकळे होते. जो कोळी व्यापाऱ्याची उचल घेऊन बांधला गेला आहे त्याच्या हातात फोन दिला तर त्याला काय कळेल? दुसरीकडे भाव जास्त आहे, आणि आपल्याला तिकडे जाता येत नाही, एवढेच. हा धागा आम्ही पुढे पुन्हा उचलणार आहोत.

केनियातली हकीकत थोडक्यात सांगतो. तेथे २००७ च्या मार्चमध्ये फोनवरून पैसे धाडण्याची एम-पेसा ही सोय सुरू झाली. तिची आधीची चाचणी लहान कर्जांचे हप्ते फेडण्यासाठी होती. लोकांनी ती शहरातून गावी पैसे धाडण्यासाठी वापरून पाहिली, आणि चालकांनी शहाणपणाने लोकांचे ऐकले. येथेही कोपऱ्याकोपऱ्यावर रोख रक्कम घेणारा-देणारा दुकानदार होताच. यंत्राला माणूस जोडलेला असला की ते चालते, याचा आणखी एक दाखला.

आणि तरीही, याच वर्षांत, जगातल्या हुशार मंडळींना निराळाच ध्यास लागला होता. गरिबासाठी एक स्वस्त यंत्र बनवा, बाकीचे आपोआप होईल. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील काही प्राध्यापकांनी सिम्प्युटर बनविला. तो २००१ साली लोकांपुढे आला. त्याची किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास राहावी असा संकल्प होता, आणि गावातल्या अनेकांनी आपापले कार्ड घालून एकच यंत्र वापरावे अशी त्याची फार विचारपूर्वक रचना होती. तो विकला गेला जेमतेम काही हजार. त्याचा निर्मळ हेतू पाहता आम्हांला याचे वाईट वाटते. तोपर्यंत मोबाइल फोन उतरत्या किमतीने त्याच गावात शिरला होता, आणि त्यावर निदान बोलता तरी येत होते.

अमेरिकेत निकोलस नेग्रोपॉन्टे यांनी २००५ साली शंभर डॉलरच्या संगणकाची घोषणा केली. प्रत्येक मुलाला एक. आपल्या केंद्रीय शिक्षणखात्याने २००६ साली ही योजना नाकारली. तरी पुढच्या वर्षी तिचा एक लहान प्रयोग आपल्या दाराशी, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात या वस्तीत झाला. एकशिक्षकी शाळा, बावीस मुले, हिरवे-पांढरे बावीस संगणक. मुले हरखली यात नवल नाही. शंभर डॉलरचा तो संगणक त्या वर्षाअखेर १८८ डॉलरला पडत होता. या संगणकांची सर्वांत मोठी खरेदी पेरू देशाने केली, आणि तेथल्या ३१९ ग्रामीण शाळांची जी काटेकोर तपासणी २०१२ साली प्रसिद्ध झाली तिचा निष्कर्ष असा की, मुलांच्या गणितात आणि भाषेत काही सुधारणा आढळली नाही. २०११ च्या ऑक्टोबरात आपल्याकडे 'आकाश' नावाच्या स्वस्त पाटीची अशीच मोठी गाजावाजाची सुरुवात झाली. तिच्याविषयी अधिक बोलण्यासारखे नाही.

आता वारणेकडे वळू. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणेच्या सहकारी कारखान्याचा परिसर १९९८ साली देशातल्या एका नव्या प्रयोगासाठी निवडला गेला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावे संगणकांनी जोडायची. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून खर्च उचलला. गावोगाव केंद्रे निघाली. त्यांतून शेतकऱ्याला बाजारभाव, जमिनीचे उतारे, शेतीचा सल्ला, आरोग्याची माहिती, नोकरीच्या जागा असे सर्व काही मिळणार होते.

काही वर्षांनी संशोधकांनी जाऊन पाहिले तेव्हा असे दिसले की, शेतकरी त्या केंद्रावर येतो तो मुख्यतः उसासाठी. आपल्या उसाचे वजन किती भरले, तोड केव्हा, खताची उचल किती झाली. उरलेले जग त्या पडद्यावर जवळजवळ कोणी उघडत नव्हते. आणि एवढ्यासाठी गावागावात संगणक, त्याची वीज, त्याची दुरुस्ती हा खर्च चालला होता. तेव्हा २००६ नंतर मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन विभागाने काही गावांत संगणक काढून त्या जागी साधा मोबाइल ठेवून पाहिला. शेतकऱ्याने आपला क्रमांक लघुसंदेशाने धाडायचा, वारणानगरचा एक संगणक उत्तर देणार. काम तेच झाले, खर्च फार कमी.

यावरून मोठा संगणक हरला आणि लहान फोन जिंकला असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आम्हांला ते पुरेसे वाटत नाही. त्या संदेशाला उत्तर का आले याचा विचार केला पाहिजे. विचारणारा माणूस कारखान्याचा सभासद होता. त्याच्या नावे शेअर होता, त्याला मत होते, वार्षिक सभेत उठून वजनकाट्याबद्दल बोलण्याचा त्याला हक्क होता. हे उत्तर मोबाइल फोन येण्यापूर्वी कित्येक वर्षे सहकाराने देऊन ठेवले होते; आधी संगणकाने आणि मग फोनने ते पोचविले. बाजारभाव आणि जमिनीचा उतारा यांबाबत विचारण्याची अशी जागा त्याच्या हाती नव्हती, म्हणून पडद्याचा तो भाग कोरा राहिला.

आणि याच चित्रात एक माणूस आहे ज्याला तो संदेश धाडताच आला नसता. ऊस तोडणारा. बीडकडून, मराठवाड्याच्या कोरडवाहू भागांतून दर हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर टोळ्या येतात. त्यांनी तोडलेल्या उसाचे वजन काट्यावर होते, ते शेतकऱ्याच्या खात्यावर लागते. टोळीचा हिशेब असतो मुकादमाच्या वहीत, आणि त्या हिशेबाच्या डोक्यावर हंगामाआधी घेतलेली उचल बसलेली असते. आज त्या कोयत्यावरच्या माणसाच्या कनवटीलाही फोन असतो. त्यावर तो गाणी ऐकतो, गावी ठेवलेल्या मुलाशी बोलतो. आपण किती टन तोडला, किती फिटले आणि किती उरले हे मात्र त्याला मुकादमालाच विचारावे लागते. वडकराचा मोकळा कोळी आणि हा ऊसतोड्या यांच्या हातातील यंत्र एकच आहे.

म्हणून एखादी नवी योजना निघाली, आणि त्या दर काही वर्षांनी निघतातच, तर तिच्या कागदांत यंत्राच्या किमतीचा रकाना आम्ही शेवटी वाचतो. यंत्र बिघडल्यावर कोणाचे पोट अडते? प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर देणे कोणावर बंधनकारक आहे? आणि ज्याचे नाव वहीत नाही त्याने कोठे विचारायचे? हे तीन रकाने बहुधा कोरे असतात. सार्वजनिक पैसा या कोऱ्या रकान्यांतूनच गळतो, आणि त्याबरोबर गरिबाचा वेळही, ज्याची नोंद कोणी ठेवीत नाही.

२०२० च्या मार्चमध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. शहरांत वर्ग फोनवर भरू लागले. पालघर जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील आदिवासी पाड्यांवर पुष्कळ घरांत तसा फोन नव्हता, होता तेथे लहर पोचत नव्हती. तेथे काही कार्यकर्त्यांनी 'बोलकी शाळा' सुरू केली. धडे आधी मुद्रित करून घ्यायचे आणि ध्वनिक्षेपक घेऊन पाड्यापाड्यावर जायचे. मांडवाखाली, मातीच्या भुईवर मुले अंतराअंतराने बसत. ध्वनिक्षेपक बोलायचा, मुले ऐकायची. धडा संपला की तो बंद होई, आणि कार्यकर्ता मुलांमध्ये बसून विचारू लागे.